हवेतले आणि पावसातले पॉप्स मोजायचे, तर पंप लावावा की चकती टांगावी?

पीसीबी, डीडीटी, लिंडेन यांसारखी टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकं (पॉप्स) हवेत असतात ती घनमीटरमागे पिकोग्रॅमच्या (ग्रॅमच्या लाख कोटीव्या भागाच्या) हिशेबात. त्यांचा दहा-वीस वर्षांचा कल पाहायचा, तर उपकरण आधी ठरवावं लागतं.

पंपाने चालणारा हाय-व्हॉल्यूम सॅम्पलर चोवीस तासांत काहीशे घनमीटर हवा ओढतो. कण फिल्टरवर अडकतात, वायुरूप भाग मागच्या फोममध्ये किंवा राळेत. हवा किती गेली ते मोजलेलं असल्याने आकडा ठाम मिळतो. उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्सभोवतीचं आयएडीएन जाळं १९९०पासून असेच, दर बारा दिवसांनी नमुने घेत आलं. मात्र वीज हवी, पंपाची देखभाल हवी, आणि मधल्या अकरा दिवसांत कुठे फवारणी झाली तर ती हुकते.

चकतीला यातलं काही लागत नाही. पोळीएवढा पॉलियुरेथेन फोमचा गोल तुकडा, त्याच्यावर-खाली स्टीलचे वाडगे, आणि तीन महिने टांगून ठेवायचं. २००४मध्ये सुरू झालेलं जागतिक जीएपीएस जाळं यावरच उभं आहे. चकती दिवसाला साधारण चार घनमीटर हवेतली प्रदूषकं शोषते; पण वारा वाढला की हा दर बदलतो. म्हणून टांगण्याआधी तिच्यात ठरावीक संयुगं भरतात आणि ती किती उडाली यावरून दर काढतात. हेक्झाक्लोरोबेंझीनसारखं हलकं संयुग उष्ण हवेत तीन महिने संपण्याआधीच समतोलाला पोहोचतं, म्हणजे चकतीत पुढे साठत नाही, आणि कणांना चिकटलेल्या जड संयुगांचे आकडेही तितके भरवशाचे नसतात.

पावसासाठी झाकणाचा संग्राहक घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. थेंब पडले की झाकण उघडतं, थांबले की मिटतं. उघड्या नरसाळ्यात धूळही येते, मग पावसाने किती आणलं हे वेगळं काढता येत नाही. तळ्यावर एकूण किती पडतं एवढंच हवं असेल, किंवा वीजच नसेल, तर नरसाळं चालेल.

वीज आणि कायमचा माणूस असलेलं एकच ठिकाण असेल तर पंप. अनेक दुर्गम ठिकाणांची आपसात तुलना करायची असेल तर चकत्या, शक्य असल्यास एक पंपाशेजारी. फील्ड ब्लँक, म्हणजे ठिकाणावर नेऊन हवा न घेता परत आणलेला कोरा नमुना, दोन्हीकडे हवाच. आणि मध्येच पद्धत बदलावी लागली, तर जुनी-नवी किमान वर्षभर सोबत चालवा. नाहीतर आलेख खाली आला तो रसायनांवरच्या बंदीमुळे की नव्या सॅम्पलरमुळे, हे कळणार नाही.