कोबी चिरायचा मँडोलिन स्लायसर: कोलस्लॉच्या निमित्ताने काही महिने वापरल्यावर

पावसाळ्याच्या तोंडावर घेतला होता, आता थंडी सरत आली. एवढ्या काळात हा स्लायसर, म्हणजे पातं बसवलेली काप करायची पट्टी, सगळ्यात जास्त राबला तो क्रीमी कोलस्लॉसाठी, म्हणजे मेयोनीजमध्ये कालवलेल्या कोबीच्या कोशिंबिरीसाठी, म्हणून त्याच अंगाने लिहिते आहे. वेफर्ससाठी घ्यायचा विचार असेल तर यात तुमच्या कामाचं फारसं नाही.

जाडी 1, 2 आणि 3 मिलिमीटरवर लावता येते. 1 वर कोबी दिसतो झकास, पण मीठ लागलं की मऊ पडतो आणि खाताना कुरकुरीतपणा राहत नाही. 3 वर तो मेयोनीजमध्ये मिसळतच नाही, वेगळा वेगळा लागतो. कोलस्लॉला 2 च. विळीवर हात बसलेल्यांना मात्र याची काही गरज नाही. माझी आई विळीवर याच्याइतकाच बारीक कोबी चिरते, तोही गप्पा मारत. माझा हात तसा नाही, म्हणून हा खटाटोप.

गड्ड्याचे उभे चार भाग करा आणि मधला दांडा काढू नका. दांड्यामुळे पानं एकमेकांना धरून राहतात. तो काढला की पानं सुटतात, दुमडतात आणि पात्याखाली अडकतात. शेवटी उरलेला दांडा सरळ सांबारात.

सोबत आलेली हातपकड बटाट्याला ठीक, कोबीला निरुपयोगी. तिचे दाते आखूड आहेत, पानांत रुततच नाहीत आणि फोड मध्येच निसटते. पात्याला धार जबरदस्त आहे, त्यामुळे कापरोधक हातमोजा वेगळा घ्याच. तो पाकिटातच द्यायला हवा होता.

आता पाण्याचं. कोबीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, आणि काप जितका पातळ तितकं ते लवकर सुटतं. स्लायसरवरच्या कोबीत थेट मेयोनीज घातलं तर तासाभरात भांड्याच्या तळाशी पांढरं पाणी साठतं. म्हणून अर्धा किलो कोबीला एक लहान चमचा मीठ चोळून अर्धा तास चाळणीत ठेवायचा, मग मूठ मूठ घेऊन घट्ट पिळायचा. काकडीची कोशिंबीर करताना आपण हेच करतो. पिळलेला कोबी मऊ वाटतो, पण दाताखाली अजून कुरकुरतो. यानंतर वरून मीठ घालायची गरज सहसा पडत नाही.

बाटलीतलं एगलेस मेयोनीज बहुतेक वेळा गोडसर असतं, नुसतं वापरलं तर जड होतं. माझं माप असं: चार मोठे चमचे मेयोनीज, तीन मोठे चमचे चक्का, दोन लहान चमचे व्हिनेगर, मिरपूड आणि साखर चवीपुरती. त्यात अर्धा चमचा मोहरीची डाळ, थोड्या पाण्यात फेसून. तयार मस्टर्ड सॉसपेक्षा हा झणका मला जास्त आवडतो, नाकात जातो आणि मेयोनीजचा गोडवा मोडतो. चक्का ताजाच हवा. आंबट झालेला असेल तर व्हिनेगर अर्धं करा. गाजर एक पुरे, तेही साध्या किसणीवर. कालवून तासभर फ्रिजमध्ये ठेवा, चव मुरते. दुसऱ्या दिवशीही छान लागतं. डब्यात मात्र देत नाही, मेयोनीज-दह्याचा पदार्थ उन्हाळ्यात तासन् तास बाहेर ठेवायचा नसतो.

जांभळा कोबी घालणार असाल तर अगदी वाढताना. आधी घातला की सगळं गुलाबी होतं. मुलांना तेच आवडतं, हा भाग वेगळा.

धुणं सोपं आहे: वाहतं पाणी आणि जुना टूथब्रश, पात्याच्या मागच्या बाजूने. गाजराचा नारिंगी डाग पांढऱ्या प्लास्टिकवर बसतो. तेलाचा बोळा फिरवला की बराचसा निघतो. डिशवॉशरमध्ये मी घालत नाही.

पण हल्ली धार उतरायला लागली आहे. कोबीच्या कडा फाटल्यासारख्या निघतात, आणि अशा कोबीला पाणीही जास्त सुटतं. पातं खोलून बदलता येत नाही. विक्रेत्याला विचारलं तर सुटं पातं येत नाही, नवीनच घ्या म्हणाला. पाचपैकी साडेतीन. पातं बदलता येणारा प्रकार बाजारात मिळतो, थोडा महाग पडला तरी तोच घ्या.