‘नॅव्हिगेट’च्या कसोटीवर एक इंग्रजी-मराठी शब्दकोश

जळगावहून साडेतीनशे रुपयांना आणलेला हा जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश मी वर्षभर चोपड्याला बारावीच्या वर्गात वापरला. त्याची पारख करायला त्यातले एकच क्रियापद पुरेसे आहे, आणि ते म्हणजे ‘नॅव्हिगेट’. प्रकाशकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हाच दोष मला याच आकाराच्या आणखी दोन कोशांत आढळला.

शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जासोबत इंग्रजीत सूचना होत्या. त्यांतल्या ‘नॅव्हिगेट टू द प्रीव्हियस पेज’ या वाक्याचे भाषांतर एका मुलाने ‘मागील पानापर्यंत जहाज हाकावे’ असे सुवाच्य अक्षरात लिहून आणले. वर्ग हसला. मला हसता आले नाही, कारण त्या मुलाने कोश उघडून, ओळीवर बोट ठेवून, प्रामाणिकपणे काम केले होते. कोशात या शब्दापुढे ‘नौकानयन करणे, जहाज हाकणे, विमान चालवणे’ एवढेच छापले आहे. ज्या तालुक्याच्या कडेने तापी सुरतेकडे जाते पण तिच्यातून जहाज जात नाही, तिथल्या मुलाला या तीन अर्थांपैकी एकाचाही आयुष्यात उपयोग होण्याचा संभव कमीच.

वस्तुतः ‘जहाज हाकणे’ हा अर्थही नेमका नाही. सुकाणू धरणारा वेगळा, आणि तारे, होकायंत्र व नकाशा पाहून कुठे वळायचे हे ठरवणारा वेगळा. नॅव्हिगेट करतो तो दुसरा. चाळीसगावहून कन्नड घाटाने जाताना स्टिअरिंग भाच्याच्या हाती असेल आणि शेजारी मोबाइल घेऊन ‘आता डावीकडे घे’ म्हणणारे मामा असतील, तर गाडी भाचा चालवतो आणि नॅव्हिगेट मामा करतात. मात्र तोच भाचा पावसाळी धुक्यातून, वळणावळणांवरून गाडी सुखरूप वर नेतो, तेव्हा ‘ही नॅव्हिगेटेड द घाट’ असे त्याच्याबद्दलही म्हणता येते. इथे घाट हे थेट कर्म आहे. ‘थ्रू’ लावले तरी चालते, पण आवश्यक नाही. पोहोचण्याचे ठिकाण सांगायचे असेल तर मात्र ‘टू’ हवे, आणि कशाच्या आधारे दिशा धरली हे सांगायचे असेल तर ‘बाय’, जसे ‘नॅव्हिगेट बाय द स्टार्स’. मराठीत यांतल्या प्रत्येकाला निराळा शब्द लागतो: वेबपानावर नुसते ‘जाणे’, घाट ‘पार करणे’, ताऱ्यांवरून ‘दिशा ठरवणे’, आणि तहसील कचेरीतल्या दाखल्यांच्या जंजाळातून चक्क ‘वाट काढणे’. हा शेवटचा वाक्प्रचार आपल्या घरचा असून शब्दाच्या लाक्षणिक अर्थाला ‘मार्गनिर्देशना’पेक्षा कितीतरी चांगला बसतो, आणि नेमका तोच कोशात नाही.

उच्चाराच्या बाबतीत मात्र कोशकारांचे कौतुक केले पाहिजे. ‘नेव्ही’च्या ओढीने आपल्याकडे सर्रास ‘नेव्हिगेट’ म्हटले जाते. दोन्ही शब्दांचे मूळ एकच असले तरी इथला स्वर ‘नॅ’ आहे, आणि कोशाने तो देवनागरीत अचूक देऊन पहिल्या अक्षरावर आघाताची खूणही केली आहे. छपाई स्वच्छ आहे, बांधणी वर्षभर टिकली.

परिशिष्टातली व्युत्पत्ती वाचून मात्र कपाळावर हात मारावा लागतो. तिथे हा शब्द संस्कृत ‘नवगती’पासून आल्याचे ठामपणे म्हटले आहे. मोबाइलवर फिरणारा हा समज कोशात शिरायला नको होता. शब्द लॅटिनमधून आला: ‘नाविस’ म्हणजे जहाज आणि ‘आगेरे’ म्हणजे हाकणे, चालवणे. संस्कृत ‘नौ’ आणि ‘अज्’ हे या दोन शब्दांचे सख्खे नातलग आहेत, पण नाते भावंडांचे आहे, माय-लेकरांचे नाही. ‘नाव’ आणि ‘नावाडी’ हे आपले रोजचे शब्द त्याच गोतावळ्यातले आहेत, हे सांगितले असते तर मुलांना शब्द कायमचा लक्षात राहिला असता.

तेव्हा केवळ उच्चारासाठी कोश हवा असेल तर तो जरूर घ्यावा. भाषांतरासाठी घेणाऱ्याने आधी दुकानातच उभे राहून चार-दोन क्रियापदे उघडून पाहावीत आणि प्रत्येक अर्थासोबत पूर्ण वाक्य दिलेले नसेल तर पैसे राखून ठेवावेत. माझ्या प्रतीत ‘नॅव्हिगेट’च्या समासात आता पेन्सिलने लिहिलेली चार वाक्ये आहेत. जहाज हाकणाऱ्या त्या मुलाने ती स्वतःच लिहिली, आणि पाचव्याला जागा उरली नाही म्हणून खाली बाण काढून पुढच्या पानावर नेले.