केसिंग धरायला क्लॅम्प की स्लिप?
मुंबईत बोअर मारताना वरचा भराव आणि खाडीचा चिखल ढासळतो, म्हणून काळा कातळ लागेपर्यंत केसिंग, म्हणजे भोकाच्या भिंती धरणारे पाइप, घालावंच लागतं. पुढचा पाइप जोडेपर्यंत आधी जोडलेल्या पाइपांची माळ बोअरच्या तोंडाशी धरून ठेवायची कशानं?

स्लिप म्हणजे दातेरी पाचरी. निमुळत्या वाटीत बसतात. माळ जितकी जड, तितकी पकड घट्ट. 1974 साली ‘सागर सम्राट’ या रिगनं समुद्रात बॉम्बे हायला तेल शोधलं, तसल्या खोल विहिरींना स्लिपच हवी. पण आपला सहा इंची, 5 मिमी जाडीचा लोखंडी पाइप मीटरला साधारण 20 किलो. एवढ्या हलक्या माळेवर दाते नीट चावत नाहीत, आणि पीव्हीसीवर तर ओरखडेच पडतात.

सोसायटीच्या बोअरला मी क्लॅम्पच सांगेन. दोन अर्धगोल, दोन्ही बाजूंना नटबोल्ट, स्वस्त. पकड मात्र सगळी बोल्टच्या ताणावर, त्यामुळे चिखल किंवा ग्रीस लागलेल्या पाइपावरून तो सरकतो. मी वायर ब्रश मारल्याशिवाय आवळूच देत नाही. आणि माळेचं वजन रिगच्या हुकवर आल्याशिवाय नट सैल करू नका; पोरांचे हात तिथेच असतात.