पाच घरांत फिरणारी पेटी : नऊ महिन्यांच्या वाचनानंतर

गेल्या दिवाळीनंतर वडोदऱ्यातल्या आम्ही पाच मराठी कुटुंबांनी मिळून किशोरवयीन कादंबऱ्या आणि ग्राफिक नॉव्हेल (म्हणजे चित्रकथेच्या रूपातली पुस्तके) यांची एक पेटी सुरू केली. दरमहा प्रत्येक घराने तीनशे रुपये काढायचे, त्यातून पुस्तके घ्यायची आणि दांडिया बाजारातून निघालेली ती पत्र्याची पेटी दर दुसऱ्या शनिवारी पुढच्या घरी पोहोचवायची, एवढाच नियम. कल्पना आमची नव्हे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून बडोदे संस्थानात ग्रंथालयांची जी व्यवस्था उभी केली, तिच्यात गावोगावी पाठवायच्या पुस्तकांच्या पेट्याही होत्या, आणि आमच्या घरात त्या पेट्यांच्या आठवणी अजून निघतात. नऊ महिन्यांत आमच्या पेटीत चौदा पुस्तके जमली. वाचणाऱ्यांत सातवीतल्या मुलीपासून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माझ्या सासूबाईंपर्यंत सगळे आहेत. कोणते पुस्तक कोणाच्या हाती दिले आणि मग काय झाले, हे इथे लिहिते. निवड करणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा.

पहिली चूक माझीच. चित्रे असलेले पुस्तक म्हणजे न वाचणाऱ्या मुलासाठी सोपी पायरी, अशी माझी समजूत होती. म्हणून नणंदेच्या आठवीतल्या मुलाला मी आर्ट स्पीगलमन यांचे ‘माऊस’ दिले. ज्यू लोक उंदीर आणि नाझी मांजरे, अशा रूपात छळछावणीतून वाचलेल्या वडिलांची हकीकत त्यांच्या मुलाने चितारलेली आहे. १९८६ आणि १९९१ अशा दोन खंडांत ते पुस्तकरूपाने आले आणि १९९२ मध्ये त्याला विशेष पुलित्झर पुरस्कार मिळाला. भाच्याने पहिला खंड एका संध्याकाळी उरकला आणि “झाले वाचून, मामी,” म्हणून परत दिला. लपतछपत वावरणारे ज्यू डुकरांचे मुखवटे का बांधतात, असे विचारले, तेव्हा मुखवटे त्याने पाहिलेच नव्हते असे कळले (पोलिश लोक त्या पुस्तकात डुकरांच्या रूपात आहेत, आणि आपण पोलिश आहोत असे भासवण्यासाठी ते मुखवटे असतात). त्याने फक्त संवादाचे फुगे वाचले होते. मात्र त्याच खंडात लेखकाच्या आईच्या आत्महत्येविषयी काही पाने आहेत, ज्यांत माणसे माणसांसारखीच काढलेली आहेत. तिथे तो थबकला होता, आणि त्याविषयी माझ्याशी बोलायला त्याला दोन दिवस लागले. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एका शाळा मंडळाने हे पुस्तक आठवीच्या अभ्यासक्रमातून काढून टाकले होते. तो निर्णय मला मुळीच पटत नाही. पण आठवीच्या मुलाच्या हाती ते देऊन आपण स्वयंपाकघरात निघून जावे, हेही आता पटत नाही. घरातल्या मोठ्याने आधी वाचावे आणि नववीनंतर द्यावे, असे माझे मत झाले आहे.

त्यानंतर पेटीच्या झाकणाला आतून एक सूचना चिकटवली : प्रत्येक ग्राफिक नॉव्हेल दोनदा वाचावे, दुसऱ्यांदा अक्षरांकडे न पाहता. मुलांनी कुरकुर केली, पण हळूहळू त्यांनाच त्यात गंमत वाटू लागली.

ज्या पुस्तकात अक्षरे नाहीतच, त्याने मात्र सगळ्यांना मागे टाकले. शॉन टॅन यांचे ‘द अरायव्हल’ २००६ सालचे. एक माणूस बायको आणि लहान मुलगी यांना मागे ठेवून परक्या शहरात जातो, एवढीच गोष्ट, जुन्या पिवळट फोटोंसारख्या चित्रांतून सांगितलेली. त्या शहरातल्या पाट्यांवरची लिपी लेखकाने स्वतःच बनवलेली आहे. त्यामुळे त्या माणसाला जसे काही वाचता येत नाही, तसे आपल्यालाही येत नाही. हे पुस्तक मी नववीतल्या मुलीसाठी घेतले होते. तिने चाळून ते दिवाणावर टाकले, आणि दुपारी सासूबाईंनी उचलले. त्यांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे पेटीतल्या बहुतेक पुस्तकांशी त्यांचा संबंध येत नव्हता. त्या साताऱ्याहून लग्न होऊन बडोद्याला आल्या तेव्हा गुजराती येत नव्हते. डोक्यावर रेघ नसलेली ती अक्षरे पाहून सगळ्या दुकानांच्या पाट्या अर्धवट रंगवून सोडल्या आहेत असे त्यांना वाटले होते. मांडवीकडून परत येताना घर कोणत्या गल्लीत ते ओळखायला त्यांनी एका निळ्या खिडकीची खूण धरली होती, आणि तिचा रंग बदलला तेव्हा त्या रडल्या होत्या. माझ्या लग्नाला तेवीस वर्षे झाली, पण हे मी तोवर कधी ऐकले नव्हते. पुस्तकातला माणूस कामासाठी पोस्टर चिकटवतो आणि ती उलटी लावतो, त्या पानावर त्या बराच वेळ थांबल्या. मग माझी मुलगी शेजारी येऊन बसली आणि दोघींनी ते पुन्हा पहिल्यापासून पाहिले. ज्या घरात आजी आणि नात दोन वेगळ्या भाषांत वाचतात, तिथे पहिले पुस्तक हेच घ्यावे.

दुसरी ठाम शिफारस बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरच्या ‘भीमायन’ची. २०११ साली नवयान प्रकाशनाने काढलेल्या या पुस्तकाची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांची आहेत, आणि लेखन श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचे. त्यात चौकटीच नाहीत. वळणावळणाच्या नक्षीने पान विभागलेले आहे, आणि डोळ्यांना कुठून कुठे जायचे हे शिकावे लागते. मला त्याला पंधरा-वीस पाने लागली, मुलांना दोन-तीन. संवादाच्या फुग्यांतही अर्थ आहे : निरुपद्रवी बोलणे पक्ष्याच्या आकारात येते, आणि डंख मारणाऱ्या बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी असते. हे आमच्यात प्रथम सातवीतल्या मुलीच्या लक्षात आले, आणि त्यानंतर ती घरातल्या भांडणांतही कोणाच्या वाक्याला नांगी आहे ते सांगू लागली, हा एक दुष्परिणाम नोंदवून ठेवते.

पण आमच्यासाठी या पुस्तकाचे वजन वेगळे आहे. त्यातला एक भाग आमच्याच गावात घडतो. ज्या संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर शिकून आले, त्या संस्थानाच्या नोकरीसाठी ते १९१७ साली बडोद्याला आले, तेव्हा त्यांना कोणी जागा दिली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना तिथून निघायला लावले. रात्रीच्या मुंबईच्या गाडीला अवकाश होता, तो वेळ त्यांनी कमाटीबागेत काढला. आमची मुले त्याच बागेत छोट्या रेल्वेत बसून मोठी झाली आहेत. ही पाने आम्ही एका रविवारी सकाळी कमाटीबागेतच वाचली. बाबासाहेब बागेत बसले होते हे मोठ्यांपैकी सगळ्यांना ठाऊक होते, परंतु बसायला दुसरी जागाच नव्हती म्हणून बसले होते, हे भाच्याने मोठ्याने म्हटल्यावर कोणी काही बोलले नाही. तो मुलगा, ज्याने ‘माऊस’ एका संध्याकाळी संपवले होते, त्याने हे पुस्तक तीन आठवडे स्वतःकडे ठेवले आणि पेटीचा क्रम बिघडवला.

बाकीच्या चित्रपुस्तकांविषयी थोडक्यात. जीन लुएन यांग यांचे ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’ हे प्रिंट्झ पुरस्कार (अमेरिकेत किशोरवयीनांच्या पुस्तकांना दिला जाणारा) मिळवणारे पहिले ग्राफिक नॉव्हेल. तीन वेगळ्या गोष्टी शेवटी ज्या रीतीने एकत्र येतात, त्यासाठीच ते वाचावे. त्यातल्या मुलाची डब्यावरून होणारी थट्टा माझ्या मुलीला फार जवळची वाटली. मार्जान सत्रापी यांचे ‘पर्सेपोलिस’ मला अतिशय आवडले, पण इराणच्या १९७९ च्या क्रांतीची पार्श्वभूमी आधी दहा मिनिटे सांगितली नाही तर मुले पहिल्याच प्रकरणात अडतात. ओरिजित सेन यांचे नर्मदेच्या धरणावरचे ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ १९९४ सालचे आहे. सरदार सरोवर आमच्यापासून नव्वदेक किलोमीटरवर. सहलीला तिथे सगळे जाऊन आले आहेत, तरी या पुस्तकावर मुले शांत आणि मोठे तावातावाने बोलणारे, असा प्रकार झाला.

कादंबऱ्यांपैकी एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ मुलांना सर्वांत आवडली. ती १९६७ साली निघाली तेव्हा लेखिका अवघी अठरा वर्षांची होती, हे कळल्यावर भाच्याने लिहायला वही मागितली. वही अजून कोरी आहे. लोइस लॉरी यांच्या ‘द गिव्हर’चा शेवट मोकळा सोडलेला आहे. माझ्या मुलीला तो फसवणुकीसारखा वाटला, मला तोच भाग सर्वांत चांगला वाटतो, आणि आमचा हा वाद मिटलेला नाही. मराठीतून द्यायचे तर प्रकाश नारायण संत यांचे ‘वनवास’ द्यावे. त्या कथा आहेत, कादंबरी नव्हे, पण सगळ्या कथांचा नायक, लंपन हा मुलगा, एकच असल्यामुळे कादंबरीचीच भूक भागते. कानडी मुलखात आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या त्या मुलाची मराठी पाहून, घरात “चालशे” आणि “केम” मिसळून बोलणाऱ्या आमच्या मुलांना आपली भाषा काही बिघडलेली नाही असे प्रथमच वाटले. फक्त ते मोठ्याने वाचून दाखवावे लागते. इथली मुले देवनागरी ओळखतात ती बहुधा शाळेतल्या हिंदीमुळे, आणि लांब मराठी परिच्छेदांना ती बिचकतात.

मोबाइलवर ग्राफिक नॉव्हेल वाचू नये. आम्ही दोन पुस्तके तशी घेऊन पाहिली. एकेक चौकट मोठी होते, पण समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेले चित्र मधोमध तुटते आणि पान म्हणून जे काही असते ते दिसतच नाही. कागदी प्रतींतही बांधणी पाहून घ्यावी. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेल्या दोन पुस्तकांचे कोपरे दुमडलेले होते, आणि तक्रार करूनही ती बदलून मिळाली नाहीत. ‘द अरायव्हल’ची आमची प्रत मऊ बांधणीची आहे, आणि चौथ्या महिन्यात तिची मधली पाने सुटली. सासूबाईंनी ती गोधडीच्या सुईने आणि जाड दोऱ्याने शिवून दिली; प्रत आता पक्की आहे, पण टाक्यांच्या बाजूचे बोटभर चित्र आत गेले आहे. नवी घेणाऱ्यांनी पुठ्ठा बांधणीचीच घ्यावी.