विंडोजचं अपडेट काढता येतं, पण ते परत येतं: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरच्या विंडोज ११ वरून नको असलेलं अपडेट काढायची सोय गेले काही महिने वापरतेय. कारण प्रिंटर. महिन्याचं अपडेट आलं, मशीन रीस्टार्ट झालं आणि प्रिंटर गप्प झाला. प्रिंट दिली की रांगेत 'प्रिंटिंग' दिसायचं, कागद मात्र जागचा हलायचा नाही. प्रिंटरच्या कंपनीला फोन केला, तर मॉडेल जुनं झालंय, नवीन घ्या म्हणाले. दुरुस्तीवाल्याने मशीन न बघताच फॉरमॅट मारायला सांगितलं. धडधाकट प्रिंटर फेकून त्यावर पुन्हा पैसे घालणं मला मान्य नव्हतं, म्हणून मीच मागे लागले.

काढायची जागा बहुतेकांना माहीत असेल: सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अपडेट हिस्टरी, आणि पार तळाशी अनइन्स्टॉल अपडेट्स. तिथे केबी नंबर (प्रत्येक अपडेटला मायक्रोसॉफ्टने दिलेला क्रमांक) आणि तारीख दिसते, अपडेटने नेमकं काय बदललं ते कळत नाही. म्हणून तारखेवरून ओळखायचं. बिघाड कधी सुरू झाला ते आठवत नसेल, तर स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप करा. जो आलेख उघडतो, त्यात दिवसागणिक रकाने असतात. लाल फुली दिसेल त्या दिवसावर क्लिक केलं की काय कोसळलं ते समजतं, आणि त्याच्या आदल्या रकान्यात कुठलं अपडेट बसलं तेही. एवढी कामाची गोष्ट इतकी आत का दडवून ठेवलीय, कळत नाही.

अपडेट काढलं, रीस्टार्ट केलं, प्रिंट आली. दुसऱ्या दिवशी बघते तर तेच अपडेट, तोच नंबर, पुन्हा डाउनलोड होऊन बसलेलं! या सोयीचे तारे मी कापले ते इथे. वापरणाऱ्याने स्वतःच्या हाताने काढलेली वस्तू त्याला न विचारता परत आणायची, ही कुठली पद्धत? वर त्यासाठी इंटरनेटचा डेटा आपलाच खर्च होतो. 'हे एक अपडेट नको, बाकीची चालतील' असं सांगायला सेटिंग्जमध्ये एक साधं बटण नाही. म्हणून क्रम पक्का लक्षात ठेवा: आधी पॉज, म्हणजे विंडोज अपडेटच्या पानावरून अपडेट्स तात्पुरती थांबवणं, मग अनइन्स्टॉल. पॉजही जास्तीत जास्त ३५ दिवस चालतो. तो संपला की साठलेली अपडेट्स घेतल्याशिवाय पुन्हा पॉज करता येत नाही.

सुरुवातीला वाटलं होतं, अपडेट्स कायमची बंदच करून टाकावीत. ते मत आता बदललंय. दर महिन्याचं अपडेट हा एकच मोठा गठ्ठा असतो. तो काढला की त्या महिन्याची सुरक्षेची दुरुस्तीही त्याच्याबरोबर जाते. एका प्रिंटरपायी बँकेचे व्यवहार होणारं मशीन उघडं ठेवणं परवडणारं नाही. शिवाय असले बिघाड पुष्कळदा थोड्या दिवसांत निस्तरले जातात. ९ मार्च २०२१ च्या विंडोज १० च्या अपडेटनंतर काही प्रिंटरवर प्रिंट देताच मशीन कोसळून एररचा निळा स्क्रीन यायचा. त्यावरची पहिली दुरुस्ती १५ मार्चलाच आली होती. माझ्याकडेही पुढच्या महिन्याचं अपडेट मुकाट्याने घेतलं, आणि त्यावर प्रिंटर नीट चालतोय. ही अपडेट्स महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. त्याच्या आदल्या दिवशी मी आठवड्याभराचा पॉज लावते. तेवढ्यात बोंब उठली तर थांबायचं, नाहीतर घेऊन टाकायचं.

यादीतल्या काही नोंदींपुढे अनइन्स्टॉल दिसतच नाही. ते खटपट करूनही जमणार नाही. अपडेट बसवणारी जी यंत्रणा असते, तिचं स्वतःचं अपडेट काढता येत नाही.

खरी शाबासकी द्यायची ती रिकव्हरीच्या निळ्या स्क्रीनला. भावाचा लॅपटॉप अपडेटनंतर डेस्कटॉपपर्यंत पोचेना. सुरू होण्याचा प्रयत्न लागोपाठ फसला की हा स्क्रीन आपोआप येतो. मशीन चालू असेल तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, अनइन्स्टॉल अपडेट्स. तिथे दोनच पर्याय असतात: क्वालिटी म्हणजे महिन्याचं, फीचर म्हणजे मोठं. क्वालिटीवाला निवडला, लॅपटॉप उभा राहिला, एकही फाइल गेली नाही. मात्र डिस्क बिटलॉकरने (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) एन्क्रिप्ट केलेली असेल तर इथे त्याची ४८ आकडी की मागितली जाऊ शकते. ती आजच आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून बघून कागदावर लिहून ठेवा, कारण मशीन अडकल्यावर त्याच मशीनवर ती शोधता येत नाही.

मोठ्या फीचर अपडेटवरून मागे फिरायला साधारणपणे १० दिवसच मिळतात. डिस्म (DISM) या विंडोजमधल्याच कमांडने ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवता येते, पण ते १० दिवस संपायच्या आत करावं लागतं. आणि जागा मोकळी करायच्या नादात 'विंडोज डॉट ओल्ड' हे आधीचं विंडोज जपून ठेवणारं फोल्डर उडवलंत, तर मुदत शिल्लक असूनही मागे जाता येत नाही.

पाचपैकी तीन तारे. ते एक बटण दिलं तर चार देईन.