पोरीची रायफल रेंज, 8 महिन्यांनी: एका टर्नरचा अनुभव

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत 21 वर्षं लेथवर काम करतोय. 1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं झोपून आणि उभं राहून नेम धरायचा प्रकार) 451.4 गुणांनी ब्राँझ घेतलं, तेव्हापासून थोरलीनं रायफलचा ध्यास घेतला. चौकशी करत करत आम्ही शहरातल्या एका खासगी 10 मीटर रेंजवर पोचलो. हॉल साधा आहे, वर पत्रा, सहा लेन, पुलीवर कागदी टार्गेट. इलेक्ट्रॉनिक टार्गेट नाही. पहिल्या दिवशी मला ते खटकलं होतं. आता नाही खटकत, आणि त्याचं कारण सांगायलाच हे लिहितोय.

इथं नेम धरायच्या आधी नियम शिकवतात. पहिले चार दिवस पोरीला छर्रा दिलाच नाही. रायफल हातात नसेल तेव्हा बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅगची दोरी पाहिजे (रायफल रिकामी आहे हे दिसावं म्हणून), ‘स्टॉप’ म्हटलं की बोट ट्रिगरवरून बाहेर, हेच घोटून घेतलं. मग महिन्याच्या शेवटच्या रविवारी पूर्ण मॅच लावतात: 15 मिनिटं तयारी आणि सायटिंग (गुण न धरता सरावाचे शॉट), नंतर 60 शॉट, कागदी टार्गेटवर दीड तास. प्रत्येक शॉटला नवं टार्गेट. वेळ संपली की संपली, राहिलेल्या शॉटचे गुण गेले.

दिवाळीनंतरच्या मॅचला मी मागं उभा होतो. 31 व्या शॉटचं भोक आठ गुणांच्या पट्ट्यात होतं, पण कागद फाटून त्याचा धागा नऊच्या रेषेवर गेलेला. मी कोच मॅडमना म्हटलं, ‘मॅडम, रेष शिवलीय, नऊ द्या की.’ नियम तसाच आहे, छर्ऱ्याची कड रेषेला शिवली तर वरचा आकडा. मॅडम म्हणाल्या, ‘काका, फाटलेला कागद मोजायचा नसतो, छर्रा मोजायचा असतो.’ त्यांनी डबीतनं प्लग गेज (भोकात घालून मोजायचं माप) काढलं, भोकात हळूच, सरळ बसवलं आणि भिंगातनं मला बघायला लावलं. गेजची कड आणि रेष यांच्यामध्ये काळा कागद स्पष्ट दिसत होता. आठच. एका भोकात गेज एकदाच घालायचं, नाहीतर भोकच मोठं होतं, म्हणून टार्गेटवर तशी खूण करून सही केली. आयुष्यभर व्हर्नियर आणि गो-नोगो गेज अशी मोजमापाची साधनं हाताळणाऱ्या माणसाला हे बघून काय वाटलं असेल! दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, छर्रा साडेचारचा. अशा मापाच्या खेळात नजरेवर विसंबून चालतच नाही.

त्याच मॅचला तिचा एक शॉट शेजारच्या लेनच्या टार्गेटवर गेला. क्रॉसफायर म्हणजे शून्य. पोरगी रडली, पण कुणी गुण भरून दिले नाहीत आणि मलाही तसं मागावंसं वाटलं नाही. 600 पैकी 521 झाले. पॅरिसच्या पात्रता फेरीत स्वप्नीलचे 590 होते आणि तो सातवा होता. 589 वाला भारताचाच दुसरा नेमबाज फायनलला मुकला. हे आकडे मॅडमनी फळ्यावर लिहून ठेवलेत, पोरं रोज बघतात.

तक्रारीही आहेत. पावसाळ्यात पत्र्यावर असा आवाज होतो की कमांड ऐकू येत नाहीत, आणि मॅचला तेच तर महत्त्वाचं. घड्याळ लेन पाच-सहावरून दिसत नाही, वेळ ओरडून सांगावी लागते. भाड्याच्या जाकिटांची मोठी मापंच आहेत. माझ्या 13 वर्षांच्या पोरीला खांद्यात ढगळ होतं, कोपर टेकवायला त्रास होतो. लहान मुलांच्या मापाची दोन जाकिटं घेतली तरी पुरे.

फी महिन्याला 2,500, छर्रे वेगळे, रायफल तिथलीच. संध्याकाळी सहाच्या बॅचला गर्दी असते, सकाळची सातची बॅच रिकामी असते आणि मॅडम तेव्हा जास्त वेळ देतात. ज्यांना पोराला लगेच मेडल हवंय त्यांनी जाऊ नये. आम्ही पुढच्या तीन महिन्यांची फी भरलीय. घड्याळाचं मी मॅडमना सांगितलंय, भिंतीवर ब्रॅकेट मीच करून देतो म्हणून, माप घेऊन आलोय.