टक्के कशावर? बँडच्या मॅनेजरशी करार करण्याआधी

मॅनेजरचं कमिशन साधारण १५ ते २० टक्के असतं, त्यात वावगं काही नाही. विचारायचं ते एवढंच, की टक्के कशावर? समजा शोचे १०० आले आणि साउंड, प्रवास, मुक्काम, जादा वादक यात ६० गेले. उरलेल्या ४० वर २० टक्के धरले तर मॅनेजरला ८ आणि बँडमधल्या चौघांना प्रत्येकी ८. करारात ‘एकूण मानधनावर’ लिहिलं असेल तर त्याला २०, तुम्हाला प्रत्येकी ५. शिवाय तोच बुकिंग एजंट म्हणून (शो मिळवून दिल्याबद्दल) एकूण मानधनातून आणखी १० टक्के कापत असेल, तर तुमच्या हातात प्रत्येकी अडीच.

हे निदान कागदावर दिसतं. खरी चोरी आयोजकाबरोबरच्या व्यवहारात होते. आयोजक १३० देतो, बँडला १०० सांगितले जातात. करार मॅनेजरच्या नावाने, बिल त्याचं, खातंही त्याचंच, मग कळणार कसं? आयोजकाच्या सहीच्या मूळ कराराची प्रत मागा. शो संपल्यावर त्याच रात्री तिकीटविक्री, कापलेला खर्च आणि चुकती रक्कम यांचा हिशेब होतो, त्या कागदाचा फोटो बँडमधल्या एकाने तिथेच काढावा. ‘नंतर पाठवतो’ हे उत्तर मान्य करू नका.

ज्या खात्यातून तुमची गाणी स्ट्रीमिंग ॲप्सवर जातात, त्या वितरण खात्याचा लॉगिन बँडच्या ईमेलवरच हवा. तो मॅनेजरकडे असेल तर तुम्ही वेगळे झाल्यावरही रॉयल्टी त्याच्याच खात्यात पडत राहते. गाण्याची नोंदणीही स्वतः तपासा. गीतकार-संगीतकारांच्या यादीत त्याचं नाव घुसवलेलं सापडू शकतं.

करार संपल्यावरचं कमिशन हा आणखी एक सापळा. ते पहिल्या वर्षी २०, मग १०, मग ५ आणि पुढे बंद, असं स्पष्ट लिहून घ्या. नाहीतर जुन्या आणि नव्या अशा दोन मॅनेजरना पोसत बसाल.

सगळ्यात घातक म्हणजे सरसकट मुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने सगळे व्यवहार करण्याचा लेखी अधिकार. गायक-कवी लेनर्ड कोहेन यांच्या निवृत्तीच्या पुंजीतले लाखो डॉलर त्यांच्याच मॅनेजरने काढून घेतले. २००६ मध्ये न्यायालयाने त्यांच्या बाजूने सुमारे ९० लाख डॉलरचा निकाल दिला, पण निकाल मिळणं आणि पैसे मिळणं यात फार अंतर असतं. २००८ मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, ते पुन्हा दौऱ्यावर निघाले. मुखत्यारपत्र द्यावंच लागलं तर ते एकाच कामापुरतं, मुदत घालून द्या आणि बँडच्या खात्यातून पैसे काढायला सदस्यांपैकी दोघांच्या सह्या लागतील, असं बँकेला लेखी कळवा.